आजीच्या आईचं नाव

आमच्या आजीचं वय किती, यावर आमच्या घरात एकमत नाही. आधार कार्ड म्हणतं, जन्म १ जानेवारी १९५५. बाबा म्हणतात, आई त्यापेक्षा बरीच मोठी आहे. आणि आजी म्हणते, "गांधीबाबाला मारलं तवा म्या आईच्या पोटात व्हते. आता तूच कर की हिशेब, इंजिनेर व्हणार हायेस नव्हं?"

हिशेब सोपा आहे. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ ला झाली. म्हणजे आजीचा जन्म १९४८ चाच, फार तर ऑक्टोबरपर्यंतचा. पण हे एसटीच्या कंडक्टरला कसं सांगणार? ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. आजीच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणी एका पैशाशिवाय पंढरपूर, तुळजापूर करून आल्या. आजी मात्र आधारवर अजून सत्तरीतली ‘तरुणी’! मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणजे आजीचं आणि माझं भाडं एकच. "सरकारला तुजं आन् माजं वय सारकंच दिसतंय," असं म्हणत ती कनवटीचे पैसे मोजते.

तर मित्रांनो, गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं, आजीच्या जन्माचा पुरावा शोधायचा. शोधायला गेले एक तारीख आणि त्यापायी त्र्यंबकेश्वर, तलाठी ऑफिस, मोडी लिपी आणि चक्क स्कॉटलंडपर्यंत जाऊन आले (स्कॉटलंडला अर्थात हॉस्टेलच्या वायफायवरून!). त्यात जे सापडलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही काळेवाडीचे. म्हणजे पत्ता काळेवाडीचा. पवनेच्या या बाजूला काळेवाडी आणि पूल ओलांडला की पिंपरी. नढेनगर, तापकीरनगर ही इथल्या जुन्या घराण्यांच्या आडनावांवरून पडलेली नावं. बाकी आमच्यासारखे सगळे बाहेरून आलेले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागोमाग हजार वर्कशॉप. १९७० ला इथे नगरपालिका झाली आणि १९८२ ला महानगरपालिका. आमच्या गल्लीत पहिलं घर बार्शीचं, दुसरं जतचं, वरच्या मजल्यावर परभणी. त्यामुळे ‘तुमचं गाव कोणतं?’ हा आमच्याकडे नाव विचारायच्या आधीचा प्रश्न आहे. ‘काळेवाडी’ असं उत्तर दिलं तर समोरचा हसतो आणि म्हणतो, "ते झालं हो, पण मूळ गाव?"

आमचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात आधी खडी फोडायच्या कामावर गेले आणि तिथून पिंपरीला. आजीचं माहेर करमाळा तालुक्यातलं, अगदी भीमेच्या काठचं. ते गाव आजही आहे, पण मूळ जागेवर नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि काठावरची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. लोकांनी वर नवीन गावठाण वसवलं. इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर डोकावतं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आजीच्या गावाला तेवढं मोठं देऊळ नव्हतं, म्हणून ते डोकावत नाही.

आजीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाण्याखाली गेलेली होती. तिच्या आईचं नाव.

चौथीत असताना कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ‘माय फॅमिली ट्री’ असा प्रोजेक्ट होता. चार्ट पेपरवर झाड काढायचं आणि चौकोनांत नावं भरायची. सगळे चौकोन भरले, आजीच्या वडलांचाही भरला, त्याच्या शेजारचा रिकामा राहिला. मी आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "मलाच ठावं न्हाई बाई." मग मी त्या चौकोनात गुलाबाचं स्टिकर लावलं. चार्टला स्टार मिळाला आणि विषय संपला.

आजी अगदी तान्ही असताना तिची आई गेली. वडलांनी दुसरं लग्न केलं. आजीला वाढवलं ते तिच्या आत्यानं. नवी आई घरात आल्यावर पहिलीचं नाव घरात कुणी काढायचं नाही, हा न सांगता ठरलेला नियम. लहान असताना आजीनं एकदा आत्याला विचारलं होतं. आत्या म्हणाली, "मेल्या माणसाचं नाव तिन्हीसांजंला घिऊ न्हाई." सकाळी विचारायचं राहून गेलं. मग लग्न झालं, आत्या गेली, वडील गेले आणि ज्यांना ते नाव माहीत होतं असं कुणी उरलंच नाही.

शोधाची सुरुवात बाबांनी सुचवली, त्र्यंबकेश्वरपासून. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. नाशिकला रामकुंडावर, तसंच गयेला आणि हरिद्वारलाही असतात. तुमचे पूर्वज श्राद्धाला किंवा यात्रेला आले असतील तर त्यांनी आपलं नाव, गाव, भावांची आणि मुलांची नावं त्या वहीत लिहवून ठेवलेली असतात. आपण गेल्यावर गुरुजी तीनच गोष्टी विचारतात: आडनाव, मूळ गाव, तालुका-जिल्हा. मग आत जाऊन लाल कापडात बांधलेला गठ्ठा घेऊन येतात. खरं सांगते, आपल्या डेटाबेसच्या लॅबमध्ये ‘इंडेक्सिंग’ शिकवतात ते मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. शेकडो वह्यांतून पाच-दहा मिनिटांत नेमकं पान! ही माहिती किती मोलाची आहे हे परदेशी लोकांच्या आपल्याआधी लक्षात आलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनं हरिद्वारसारख्या तीर्थांतल्या वह्यांच्या मायक्रोफिल्म करून नेल्या आहेत.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तर वंशावळ दारात यायची. हेळवी नावाचा समाज आहे. हेळवी बैलावर बसून गावोगाव यायचा आणि दारात उभा राहून त्या घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचा. घरात नवीन जन्म झाला असेल तर तो आपल्या वहीत चढवायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावी. म्हणजे डेटा घरपोच आणि अपडेट जागेवर!

आजीच्या माहेरचं आडनाव आणि गाव सांगितल्यावर आम्हाला त्र्यंबकला पान मिळालं. एका सिंहस्थात आजीचे वडील येऊन गेले होते. पानावर त्यांचं नाव, त्यांच्या वडलांचं, आजोबांचं, चुलत्यांचं. खाली मुलांची नावं, म्हणजे दुसऱ्या आईपासून झालेले आजीचे दोन भाऊ. बाबा खूश झाले, चार पिढ्या एका पानावर मिळाल्या. मी दोनदा वाचून घेतलं. आजी त्यात नव्हती. आजीची आईही नव्हती.

परत येताना गाडीत मी मोबाईलवर एक आकडेमोड केली. आपले आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहाव्या पिढीत हा आकडा १०२४ होतो आणि दहा पिढ्यांची बेरीज केली तर २०४६. आपण ज्याला अभिमानानं ‘दहा पिढ्यांची वंशावळ’ म्हणतो त्यात या २०४६ जणांपैकी दहाच असतात. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप. बाकीच्या २०३६ जणांचा पत्ता नाही. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात एवढा डेटा लॉस दाखवला तर सर नापास करतील.

मग दुसरा टप्पा, महसुलाचे कागद. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना सातबारा माहीत असतो, पण त्याच्या पोटात किती गोष्टी असतात ते मला माहीत नव्हतं. सातबाऱ्यावर जे फेरफार क्रमांक गोल करून लिहिलेले असतात ते म्हणजे गाव नमुना ६ मधल्या नोंदी. जमीन का आणि कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली, ते तिथे दोन-चार ओळींत लिहिलेलं असतं. माणूस गेला की त्याच्या वारसांची नोंद नमुना ६-क मध्ये होते. असे फेरफार एकामागून एक मागे वाचत गेलं की गावातलं अख्खं घराणं उलगडत जातं. कोण कधी गेलं, कुणी कुणाला जमीन विकली, कोण ‘परागंदा’ झालं...

नवीन गावठाणातल्या तलाठी भाऊसाहेबांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. त्यात आजीच्या वडलांच्या मृत्यूनंतरचा फेरफार मिळाला आणि तिथे आजी सापडली! वारस म्हणून दोन मुलगे, विधवा पत्नी आणि ‘विवाहित मुलगी’ म्हणून आजीचं नाव. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडलांच्या मिळकतीत वाटा दिला, म्हणून ते लिहावंच लागलं. मी आनंदानं पान उलटलं. पुढचाच फेरफार हक्कसोडीचा. आजीनं आपला हिस्सा भावांच्या लाभात विनामोबदला सोडला, खाली अंगठा.

काळेवाडीला आल्यावर मी आजीला विचारलं, "तुला माहीत होतं का, कशावर अंगठा देतेस ते?"

"व्हय की. भावांनी साडी घेतली. माहेर तुटू ने म्हून दिला अंगठा. समद्याच देत्यात."

मला राग आला होता. तिला नाही. ती उलट मलाच समजावत होती की भाऊ दर दिवाळीला न्यायला यायचे. गावोगावच्या फेरफार रजिस्टरांत बहिणींची नावं अशीच येतात, एका ओळीत चढतात आणि पुढच्या ओळीत उतरतात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क देणारी दुरुस्ती २००५ ची. आजीचा अंगठा त्याच्या कितीतरी आधीचा.

असो. आजी सापडली, पण तारीख आणि आई, दोन्ही बाकी होतं. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, जन्ममृत्यू पाहिजे असेल तर कोतवाल बुक बघा. तालुक्याला, रेकॉर्ड रूममध्ये."

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावातली जन्ममृत्यूची नोंदवही. आज आपल्याला जन्म दाखला मिळतो तो १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली. त्याच्या आधीच्या खेड्यातल्या माणसाला पुरावा म्हणजे हीच वही. गावात मूल जन्मलं किंवा माणूस गेलं की कोतवाल-पाटलामार्फत त्याची ओळ त्यात चढायची. अलीकडे या वह्यांना फार भाव आला आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभरातल्या रेकॉर्ड रूममधले वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले गठ्ठे सुटले. त्यामुळे माझ्यासारखी कॉलेजची मुलगी १९४८ चं कोतवाल बुक मागायला आली याचं तिथल्या कारकून काकांना काही नवल वाटलं नाही. कोर्ट फी स्टँप लावलेला अर्ज घेतला आणि म्हणाले, "मिळेल. पण मोडीत आहे बरं का. वाचता येतं?"

नाही येत! मी कॉन्व्हेंटची. आम्हाला सरळ देवनागरीत निबंध लिहायचा म्हटलं तरी घाम फुटायचा. पण मोडी वाचणाऱ्यांकडे त्या दिवसांत एवढी गर्दी होती की म्हटलं, आपणच शिकू. पुण्यात एका मोडी वर्गाला नाव घातलं. पिंपरी स्टेशनवरून लोकल पकडायची आणि महिनाभर रोज दीड तास गिरवायचं.

मोडीबद्दल थोडं सांगते, कारण ही आपलीच लिपी आहे आणि आपण तिला पार विसरलो. कित्येक शतकं मराठीचा रोजचा कारभार मोडीत चालला. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि त्यातले बहुतेक मोडी. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद छापले, त्याचेच ४५ खंड झाले! १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी मेहेंदळ्यांच्या साथीनं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं तेही असेच घराघरांतले कागद गोळा करण्यासाठी. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाहीच! आमच्या मराठीच्या टीचरनी माझे जेवढे मार्क शुद्धलेखनापायी कापले ते सगळे मोडीनं एका महिन्यात परत दिले.

तारखांचं गणितही असतं. कागदावर शके असेल तर ७८ मिळवायचे, फसली असेल तर ५९० किंवा ५९१, शुहूर असेल तर ५९९ किंवा ६००. आणि नात्यांसाठी दोन शब्द फार महत्त्वाचे. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. बाई कोणत्याही कागदात एकटी येत नाही, ‘कोम’ धरूनच येते.

याच दिवसांत रात्री हॉस्टेलवर बसून जगात इतर लोक आपले पूर्वज कसे शोधतात ते वाचत होते. या बाबतीत स्कॉटलंडचं नाव वरचेवर येतं. तिथे चर्चच्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्नाची जाहीर सूचना आणि दफन यांच्या वह्या ठेवायचे. सगळ्यात जुनी वही एरल नावाच्या गावची, १५५३ ची. १ जानेवारी १८५५ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीचा फॉर्म इतका लांबलचक होता (आई-बापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी आणि कुठे, आधीची मुलं किती) की नोंदणी करणारे कंटाळले आणि १८५६ मध्ये तो आटोपशीर करावा लागला. त्यामुळे ज्याच्या पूर्वजाची नोंद १८५५ मध्ये झाली, त्याला आजही लॉटरी लागल्यासारखं वाटतं. पण मला त्यातली एकच गोष्ट लागली. स्कॉटलंडच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट असतं. मृत्यूच्या दाखल्यावर मेलेल्या माणसाच्या बापाबरोबर आईचंही नाव आणि तिचं माहेरचं आडनाव. लग्न झालेली बाई सासरच्या नावानंही शोधता येते आणि माहेरच्याही. म्हणजे तिथे आईकडून आईकडे असं मागे मागे जाता येतं.

त्याहून गंमत पुढे आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती विलायतेला पाठवल्या जायच्या. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्या काळेवाडीपासून खडकी किती लांब? खडकीच्या छावणीत एखाद्या गोऱ्या शिपायाला दीडशे वर्षांपूर्वी मूल झालं असेल तर ग्लासगोमध्ये बसलेला त्याचा पणतू ते आज शोधू शकतो, आईच्या नावासकट. आणि १९४८ मध्ये, स्वतंत्र भारतात, करमाळा तालुक्यात जन्मलेल्या माझ्या आजीला आईचं नाव माहीत नाही! हे वाचल्यावर त्या रात्री मी मोडीचं जास्तीचं एक पान गिरवलं.

शेवटी जून महिन्यात बाबा, आजी आणि मी तालुक्याला गेलो. आजीला नेऊ नये असं बाबांचं मत होतं, एवढा प्रवास, ऊन. पण आजी ऐकते का? "माझी आय हाय, मी येनार." (अर्धं तिकीट काढून!)

रजिस्टर टेबलावर आलं. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. मी जानेवारी १९४८ पासून बोट ठेवत वाचू लागले. मोडी वर्गातली गिरवलेली अक्षरं वेगळी आणि गावच्या पाटलाचा हात वेगळा. एकेका ओळीला पाच पाच मिनिटं. मधे मधे कारकून काका चहाचा कप हातात घेऊन येऊन बघून जायचे.

दुपारी सापडलं. ९ जुलै १९४८. बापाचं नाव, ‘बिन’ आणि आजोबांचं नाव, अगदी त्र्यंबकच्या वहीत होतं तसंच. अपत्याच्या रकान्यात एकच शब्द: मुलगी.

नाव नाही. मला वाटतं, कारण साधं असावं. नोंद जन्मानंतर चार-दोन दिवसांत व्हायची आणि बारसं बाराव्या दिवशी. वहीत ओळ चढली तेव्हा आजीला अजून नावच नव्हतं. आईचा रकाना तर त्या वहीत नव्हताच.

मी मृत्यूची पानं उघडली. जुलै, त्याच गावाची. तिथे फार खाली जावं लागलं नाही. १८ जुलै १९४८. एका बाईचं नाव, पुढे ‘कोम’ आणि त्यापुढे आजीच्या वडलांचं नाव. कारण: ताप. वय: २०.

नऊ दिवसांचं अंतर. म्हणजे बाळंतपणातलाच ताप. म्हणजे आजीचं बारसं तिच्या आईनं पाहिलं नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. त्या आत्यानं त्या दिवशी पाळण्याशी वाकून काय विचार केला असेल, ते मला काही केल्या सुचत नाही. आणि वय वीस. माझंही वीस आहे. मी ते पान वाचत होते तेव्हा माझ्या डोक्यात पुढच्या सेमिस्टरचं इलेक्टिव्ह काय घ्यायचं हे चालू असायचं, तिच्या डोक्यात काय असेल?

"काय लिवलंय?" आजीनं विचारलं.

मी नाव वाचलं. आजीनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणून पाहिलं, दोन-तीनदा, नवीन भाजीची चव बघावी तसं. रडली वगैरे नाही. नंतर म्हणाली, "बरं हाय नाव." बाबा खिडकीबाहेर बघत होते. कारकून काकांनी न मागता आणखी एक चहा सांगितला.

गावाकडे जाताना आजी बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "पर ह्ये सासरचं नाव आसंल. आमच्यात लग्नात नाव बदलत्यात. माहेरी तिला काय म्हनत आसत्याल, कुनाला ठावं." ते खरंच होतं. मी महिनाभर मोडी शिकून जिथे पोहोचले नव्हते तिथे आजी अर्ध्या तासात पोहोचली. तिच्या आईच्या माहेराला जायचा रस्ता त्या ओळीत नाही. स्कॉटलंडचा फॉर्म असता तर मी अजून एक गाव गाठलं असतं.

आता तुम्ही विचाराल, एसटीचं काय झालं? रीतसर फी भरून शिक्क्याची नक्कल मिळाली. ती घेऊन आम्ही जन्मतारीख बदलायला एका खिडकीवर गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "यावर तर नाव नाहीये. ही ‘मुलगी’ म्हणजे याच आजी कशावरून?" नियमानं त्यांचं चूक नाही. कशावरून? बापाचं नाव जुळतं, गाव जुळतं, वर्ष गांधीबाबांशी जुळतं, आई नऊ दिवसांत गेली ते जुळतं. आमच्यासाठी एवढं पुरेसं आहे, कॉम्प्युटरसाठी नाही. बाबांनी शपथपत्र आणि पुढची कागदपत्रं गोळा करायला घेतली आहेत. तोपर्यंत आजी अर्ध्या तिकिटावर आहे. फरक एवढाच की आता ती कंडक्टरला ठणकावून सांगते, "नऊ जुलै आडेचाळीस! लिहून ठिवलंय सरकारात!"

९ जुलैला आम्ही पहिल्यांदा आजीचा वाढदिवस केला, सत्त्याहत्तरावा. केक तिला आवडला नाही. आणि १८ तारखेला तिनं पुरणपोळी करायला लावली, एक पान वेगळं वाढलं आणि नैवेद्य दाखवताना ते नाव मोठ्यानं घेतलं. तेही मुद्दाम तिन्हीसांजेला.

चौथीतला तो चार्ट पेपर आईनं अजून माळ्यावर ठेवला आहे. गुलाबाचं स्टिकर ओरबाडून मी खाली नाव लिहिलं. नाव काय, ते या लेखात छापू का म्हणून आजीला विचारलं, तर म्हणाली, "नगं. येवढी वर्सं मला मिळालं न्हवतं, आता जरा माज्यापाशीच ऱ्हाऊ दे." म्हणून छापत नाही. एवढंच सांगते की ते एका नदीचं नाव आहे आणि ती नदी भीमा नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या हॉस्टेलमध्ये नांदेडपासून सिंधुदुर्गापर्यंतची मुलं आहेत. परीक्षा संपल्यावर घरी जाल तेव्हा एक काम करा. आई-बाबांच्या वंशावळीत शिरण्याआधी आजीजवळ बसा. दोन्ही आज्यांजवळ. तिचं माहेरचं नाव काय होतं, सासरी काय ठेवलं, तिची आई कोण, आईचं माहेर कुठलं, एवढं विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला तर फारच छान. हे काम फुकट आहे, त्याला कोर्ट फी स्टँप लागत नाही. कागदांच्या मागे नंतर लागा: शाळेचं जनरल रजिस्टर (तिथे निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असते, कारण गुरुजींना शाळेत घालताना तीच सोयीची वाटायची), मग फेरफार, वारस नोंद, कोतवाल बुक, तीर्थाच्या वह्या. कागद थांबतील, वाळवी लागेपर्यंत तरी. माणसं थांबत नाहीत.

आणि घरात एखादा मोडी कागद निघाला तर घाबरू नका, रद्दीतही टाकू नका. मला घेऊन या. सराव कच्चा आहे, पण ‘बिन’ आणि ‘कोम’ मी कुठेही ओळखते. लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. सबमिशनचा आठवडा सोडून कधीही चालेल.